अंगठा वर

पहिला नियम: श्वास रोखायचा नाही.
मुलुंडच्या तरणतलावात, सकाळी सहाला,
मी हे सहा जणांना सांगते
आणि पाण्याखाली जाताच सहाही जण
आधी श्वासच रोखतात.

जयेशभाई छेडा, वय त्रेपन्न, होजिअरीचं दुकान,
मुलीबरोबर अंदमानला उतरायचं कबूल करून बसलेत.
साडेतीन मीटरवर त्यांनी मला अंगठा दाखवला.
मी त्यांना धरून वर आणलं.
"अहो मॅडम, मस्त चाललेलं, का आणलंत?"
खाली अंगठा म्हणजे वर चला, जयेशभाई.
मस्त म्हणजे हे असं, बोटांचं गोल.
हे चौथ्यांदा.

आमच्या घरात अंगठ्याचं काम वेगळं होतं.
बाबा गोदीत पाणबुडे.
जहाजाच्या पोटाखाली पंख्यात गुंतलेले दोर कापायचे,
गाळातून साखळ्या, नांगर,
एकदा एका साहेबाची कवळी,
आणि जे वर आणल्यावर त्या दिवशी
कुणी डबा उघडायचं नाही, तेही.
डोळे उघडे ठेवून उपयोग नव्हता.
मुंबईच्या पाण्यात आपला हात आपल्याला
दिसत नाही, लागतो.
महिनाअखेरी पगाराच्या वहीत जांभळी शाई, डावा अंगठा.
भिजून भिजून रेषा इतक्या पुसट
की कारकून ओरडायचा, मोतीराम, नीट दाब!

त्यांच्या खुणा दोरीच्या.
एक हिसका: ठीक.
दोन: ढील दे.
तीन: ओढ.
वर इस्माईल मुकादम बसायचा,
एका हाताने विडी ओढायचा
आणि दुसऱ्या हाताने माझा बाप ऐकायचा.

माझी परीक्षा झाली ती याच निळ्या फरशांवर.
डिमेलो सर घाबरलेला विद्यार्थी झाले.
स्वतःचा मास्क काढून फेकला,
माझ्या तोंडातली नळी उपटली.
मी बारीक बुडबुडे सोडत राहिले,
दुसरी नळी चाचपून तोंडात घातली,
त्यांचा पट्टा धरला, त्यांच्या डोळ्यांत बघितलं.
पाचपैकी चार पूर्णांक दोन.
शेरा: विद्यार्थी बुडत असताना हसू नये.

समुद्रातला भाग मालवणला.
डुबी मारायला मुंबईकराला
समुद्र सोडून समुद्राकडे जावं लागतं.

कार्ड आलं. फोटो, नंबर, इन्स्ट्रक्टर.
बाबांनी ते उलटंपालटं केलं,
खिडकीकडे धरून बघितलं.
"माझा पितळी बिल्ला होता. एकोणचाळीस.
रिटायर झालो त्या दिवशी काढून घेतला."
आणि कार्ड परत देताना
शर्टाला पुसून दिलं.

एका रविवारी त्यांना तलावावर आणलं.
पँट गुडघ्यापर्यंत वर करून पायरीवर बसले.
तळाच्या फरशा मोजता येत होत्या, त्यांनी मोजल्याही.
"एवढं स्वच्छ? ह्यात शोधायचं काय?"
काही नाही बाबा. नुसता श्वास घ्यायचा.
"आणि त्याचे तू पैसे घेतेस?"

फॉर्म दिला होता, भरला नाही.
पूर्वी कधी पाण्याखाली गेला आहात का, हो किंवा नाही,
एवढ्याशा चौकोनात त्यांचं काय मावणार?

मी जयेशभाईंना घेऊन खाली गेले.
तरंगत्या डब्याची दोरी डाव्या हातात,
उजव्यात जयेशभाई.
मास्कमध्ये पाणी घ्या, नाकाने फुंका, पुन्हा घ्या.
मध्येच दोरी हलली.
वाटलं, कुणी पोरगं डब्याशी खेळतंय.
वर बघितलं तर डबा काठावर काढून ठेवलेला,
आणि पाण्याच्या पलीकडे, वेडीवाकडी होत,
दोरीला कान द्यावा तशी मान कललेली एक आकृती.

एक हिसका.

आमच्या पुस्तकात ही खूण नाही.
मी एक दिला.
मग उगाचच दोन दिले,
आणि दोरी खरंच सैल झाली, हातभर,
पुन्हा हातभर.

एवढ्यात जयेशभाईंनी अंगठा दाखवला.
मी बोटांचं गोल करून विचारलं, मस्त?
त्यांनी जोरात मान हलवली, नाही, नाही,
आणि हवेचा काटा माझ्यापुढे धरून
पुन्हा अंगठा. वर.

बरोबर, जयेशभाई. या वेळी अगदी बरोबर.
मी दोरीला तीन हिसके दिले.